घरात पहिल्यांदाच दहावी आली असेल तर

थोरली दहावीत गेली त्या जूनमध्ये, म्हणजे २०१९ साली, मी कार्डशीटवर वेळापत्रक आखलं. पाच रंगांची स्केचपेनं वापरली. पहाटे ५ ला उठणे, ५.१५ ते ६.१५ पाठांतर, रात्री १० ला झोपणे. मध्ये ‘खेळ – ३० मिनिटे’ असंही होतं, मी काही अगदीच निर्दय नव्हते. सेलोटेपने ते तिच्या टेबलासमोर चिकटवलं. चौथ्या दिवशी ती पावणेसातला उठली आणि वेळापत्रक मागे पडलं ते पडलंच. पुढे ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचा पूर आला, खालच्या मजल्यावरच्या आमच्या घरात पाणी शिरलं, त्यात ते कार्डशीटही गेलं. पुरात गेलेल्या वस्तूंमध्ये हळहळ वाटली नाही अशी ती एकच.

धाकटा २०२५ साली दहावीला बसला. मधल्या वर्षांत मला एवढं उमगलं होतं की वेळापत्रक आखणं हे माझं काम नव्हतंच. माझी कामं वेगळी होती, आणि पहिल्या खेपेला मी तीच धड केली नव्हती. मुलाचा अभ्यास मुलाकडे ठेवायचा आणि अभ्यासाच्या भोवतीचं सगळं, म्हणजे कागदपत्रं, जेवणखाण, झोप, नातेवाईक आणि तारखा, आपण उचलायचं. पुढे जे लिहिते आहे ते या वाटणीनुसार. आमच्याकडे राज्य मंडळाची दहावी होती, त्यामुळे आकडे तिचे आहेत.

जूनचा पहिला आठवडा: परीक्षा एका कागदावर मांडा

सगळ्यात आधी परीक्षा नक्की कशी आहे ते मुलाला विचारा. सांगू नका, विचारा. धाकट्याला मी विचारलं, “गणिताचे पेपर किती?” तो म्हणाला, “एक. शंभराचा.” नववी पास झालेला मुलगा! त्याला खिजवून काही उपयोग नव्हता, कारण मलाही २०१९ मध्ये हे दिवाळीच्या आसपास कळलं होतं.

एक कोरा कागद घ्या आणि त्याच्याच हाताने लिहून घ्या. सहा विषय, प्रत्येकी १००, एकूण ६००. तीन भाषांचे लेखी पेपर प्रत्येकी ८० गुणांचे, वेळ तीन तास. गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, दोन्ही ४०-४० गुणांचे, वेगवेगळ्या दिवशी, वेळ दोन-दोन तास. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचेही तसेच दोन भाग. इतिहास-राज्यशास्त्र ४०, भूगोल ४०. आणि प्रत्येक विषयाचे उरलेले २० गुण शाळेच्या हातात: तोंडी, प्रात्यक्षिक, स्वाध्याय, चाचणी.

हे २० गुण नीट समजावून सांगा. सहा विषयांचे मिळून ते १२० होतात आणि बहुतेक सगळे लेखी परीक्षेच्या आधीच ठरून जातात. प्रयोगवही वेळेवर पूर्ण करणं, स्वाध्याय दिलेल्या दिवशी देणं एवढीच त्यांची किंमत असते. हुशार मुलं इथे गुण घालवतात, कारण ‘ते काय, सर देतातच’ असं त्यांना वाटत असतं.

टक्केवारी काढताना सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरतात, ज्याला सगळे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणतात. मुलांना हा नियम फार लवकर कळतो आणि ती लगेच एक विषय मनातून काढून टाकतात. आमच्याकडे हिंदीवर गदा आली होती. पण टक्केवारीत धरला नाही तरी त्या विषयात उत्तीर्ण व्हावं लागतंच, आणि कुठला विषय सहावा ठरेल हे निकालाच्या दिवशीच कळतं. थोरलीला भीती विज्ञानाची होती आणि प्रत्यक्षात सहावी आली ती इंग्रजी.

वर्षाच्या मध्येच नियम बदलूही शकतात. मार्च २०१९ च्या परीक्षेला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण, म्हणजे हेच शाळेच्या हातातले २०, काढून टाकले होते, थोरलीच्या वर्षी ते परत आले, आणि परत येणार हे कळेपर्यंत शाळा सुरू होऊन दोन महिने झाले होते. म्हणून हा कागद पेन्सिलने लिहा आणि शाळेकडून आलेली सूचनाच खरी माना. शेजारच्या वहिनींच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज मानू नका.

आणि ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द वर्षभर गिळून टाका. आमच्या वेळी भाषेला प्रश्नपत्रिका असायची, आता कृतिपत्रिका असते. न पाहिलेला उतारा वाचून आकृतिबंध पूर्ण करायचा, बातमी, जाहिरात, पत्र तिथल्या तिथे लिहायचं. पाठ केलेला निबंध तिथे फारसा कामाला येत नाही. आणि भूगोलाचं पुस्तक तर भारत आणि ब्राझील यांची तुलना करत जातं. मी थोरलीला ‘नद्या पाठ कर’ म्हणत होते आणि ती बिचारी ॲमेझॉन म्हणायची तेव्हा मला वाटायचं विषयांतर करतेय.

कागदांची सोय

मुलं अभ्यासाला बसत नाहीत यामागे बऱ्याचदा आळस नसतो, वस्तू सापडत नाही हे कारण असतं. शाळेची वही क्लासच्या दप्तरात, क्लासचा सरावसंच पलंगाखाली, कंपास मित्राकडे. वीस मिनिटं शोधण्यात गेली की उरलेला अर्धा तास चिडण्यात जातो.

आम्ही स्टेशनरीच्या दुकानातून बटणाच्या सहा प्लास्टिक फायली आणल्या, एकेक पंधरा-वीस रुपयांची. एका विषयाला एक. सुटा कागद म्हणजे चाचणीची उत्तरपत्रिका, झेरॉक्स, सरांनी दिलेले प्रश्न, जे काही हातात येईल ते घरी आल्यावर त्या-त्या फाइलीत. इतकंच. त्याने सुरुवातीला ते रोज केलं नाही. मग रविवारी संध्याकाळी दप्तर पालथं करायचा रिवाज पडला. चटईवर सगळं ओतायचं, बिस्किटाचे पुडे आणि बसची तिकिटं वेगळी, कागद फायलींत, पेनांच्या रिफिली तपासायच्या. मी शेजारी बसून भाजी निवडायचे. हात मात्र लावायचा नाही! मी लावला की फाइल माझी होते आणि मग ‘आई, माझी फाइल कुठेय?’ सुरू होतं.

सातवी फाइल मात्र माझी. जन्मदाखला, आधार, जातीचा दाखला असेल तर तो, नववीचं गुणपत्रक, चार-सहा पासपोर्ट फोटो. आमच्याकडे ही फाइल माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत असते. पुरात काय गेलं याची यादी करायला बसलो होतो तेव्हा घेतलेली सवय.

आठवडा मुलाने आखायचा, तासांचा हिशेब आधी

वेळापत्रक करण्याआधी हातात खरोखर किती वेळ आहे ते मोजा. धाकट्याची शाळा ११ ते ५. सायकलवरून घरी यायला साडेपाच, खाणं होईपर्यंत सहा. साडेसहा ते साडेआठ क्लास. जेवण होईस्तोवर साडेनऊ. म्हणजे रोजचा स्वतःचा अभ्यास सकाळी सव्वा तास आणि रात्री एक तास. सहा दिवसांचे मिळून साडेतेरा तास, रविवारचे चार धरले तर साडेसतरा. यापेक्षा जास्त वेळ अस्तित्वातच नाही. माझ्या कार्डशीटवर दिवसाला सहा तास होते. ते कुठून काढले होते देव जाणे.

हा आकडा समोर आला की दोघांच्याही डोक्यातली वाफ जाते. साडेसतरा तासांत काय बसवायचं हे मग मुलगा स्वतः ठरवू शकतो.

‘७ ते ८ भूमिती’ असं लिहिलं की मूल तासभर पुस्तक उघडून बसतं आणि भूमिती झाली म्हणतं. त्याऐवजी ‘समरूपता, सरावसंच १.२, पहिली पाच उदाहरणं’ असं लिहायला सांगा. संपलं की काट मारायची, वीस मिनिटांत संपलं तरी चालेल. वेळेच्या जागी काम लिहिलं की धाकटा आपोआप लवकर उठायला लागला, कारण लवकर संपलं तर क्रिकेट मिळायचं. शनिवारची रात्र रिकामी ठेवा. त्या आठवड्यात राहिलेलं तिथे ढकलायचं. प्रत्येक आठवड्यात काहीतरी राहतंच. ते टाकायला जागा नसेल तर सगळी आखणी कोसळल्यासारखी वाटते आणि मूल वहीच बंद करतं.

आईवडिलांनी आठवड्यातून एकदाच बघायचं. आमची रविवारची चहाची बैठक असायची, पंधरा मिनिटं.

“काय राहिलं?”

“बीजगणित. अर्थनियोजन डोक्यात जात नाही.”

“काय जात नाही?”

“जीएसटी. इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणजे काय तेच कळत नाही.”

त्याच्या बाबांचं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. त्यांनी दुकानातली दोन बिलं आणली, एक माल घेतल्याचं, एक विकल्याचं, आणि चहाच्या टेबलावर ते प्रकरण अर्ध्या तासात सुटलं. ‘अभ्यास झाला का?’ हा प्रश्न मी विचारला असता तर उत्तर ‘हो’ आलं असतं आणि जीएसटी मार्चपर्यंत तसाच राहिला असता. दिवसभरात तो प्रश्न न विचारणं हे मला सगळ्यात अवघड गेलं, कबूल करते.

वाचलं म्हणजे आलं असं नाही

मुलं धडा तीनदा वाचतात, हायलायटरने पान पिवळं करतात आणि चाचणीत कोरी राहतात. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिलं तर गोष्ट जास्त काळ टिकते, हे स्मरणशक्तीवरच्या प्रयोगांत अनेकदा दिसलेलं आहे. म्हणून धडा झाला की पुस्तक बंद, कोरा कागद, आठवेल ते सगळं लिहायचं. मग पुस्तक उघडून लाल पेनाने राहिलेलं भरायचं. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा, महिन्याने पुन्हा. दर वेळी लाल रंग कमी होत जातो आणि ते बघायला मुलांना आवडतं.

पालकांना विषय येत नसला तरी इथे मदत करता येते, श्रोता होऊन. विज्ञानाच्या पहिल्या भागात भिंगांचा धडा आहे. मी पोळ्या लाटत होते, धाकटा ओट्याशी उभा राहून निकटदृष्टिता समजावत होता. “लांबचं दिसत नाही, कारण प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. म्हणून अंतर्गोल भिंग.” मी म्हटलं, “मग माझा हा वाचायचा चष्मा?” तो अडला. चष्मा माझ्या नाकावरून काढून त्याने वर्तमानपत्रावर धरला, अक्षरं मोठी दिसली. “बहिर्गोल! म्हणजे तुला वृद्धदृष्टिता आहे.” वृद्ध म्हटल्याबद्दल लाटणं दाखवलं, पण तो मुद्दा तो जन्मात विसरणार नाही.

गणिताला मात्र हे चालत नाही, तिथे हाताने सोडवण्याला पर्याय नाही. सोडवलेलं उदाहरण नुसतं बघून ‘कळलं’ म्हणणाऱ्या मुलाला तेच उदाहरण झाकून पुन्हा करायला सांगा.

क्लास लावायचा का

सगळे लावतात म्हणून लावू नका, आणि सगळे लावतात म्हणून न लावण्याचा हट्टही करू नका. मे महिन्यातली व्हेकेशन बॅच, मग जूनपासून क्लास, मग शाळेत तोच धडा, असं तीनदा होतं. मुलाला प्रत्येक वेळी नवीन काही मिळतं का, एवढंच बघा. थोरलीच्या क्लासमध्ये उत्तरं फळ्यावर लिहून दिली जायची आणि ती वहीत उतरवायची. वह्या सुंदर होत्या. सहामाहीत पहिल्या सत्राच्या भूमितीत ४० पैकी १७.

दोन महिन्यांनी एक कसोटी लावा: क्लासमध्ये झालेल्या धड्यातली तीन उदाहरणं, वही न बघता, घरी. सुटली तर क्लास चालू ठेवा. नाही सुटली तर फी भरलीय हे कारण धरून बसू नका. धाकट्याला आम्ही फक्त गणित-विज्ञानाचा क्लास ठेवला. भाषा आणि सामाजिक शास्त्रं त्याने घरी केली.

पुस्तकांसाठी खर्चाची चिंता नको. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. अपेक्षित प्रश्नसंच आणि गाइड डिसेंबरच्या आधी घरात आणूच नका, असं माझं ठाम मत आहे. आधी आणलं की पाठ्यपुस्तक उघडलंच जात नाही, आणि मंडळ प्रश्न काढतं पाठ्यपुस्तकातून.

मोबाइल

काढून घेतला की मूल मित्राचा वापरतं. आणि शाळेच्या सूचना, क्लासचे पीडीएफ, सगळं त्या व्हॉट्सॲपवरच येतं. आमच्याकडे नियम जागेचा होता, वेळेचा नव्हता: रात्री साडेनऊनंतर घरातले चारही फोन स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर चार्जिंगला. चारही. बाबांचा क्रिकेट स्कोअर सुरू राहिला तर नियम दोन दिवसांत मेला असता, मेलाच होता एकदा.

झोप

पहाटे चारला उठून अभ्यास करणारा मुलगा हे आपल्याकडचं आदर्श चित्र. पण तेरा ते अठरा वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते आणि या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते. अकराला झोपून चारला उठवलेलं मूल पाच तासांत काय लक्षात ठेवणार? ज्याला पहाट मानवते त्याने साडेनऊला झोपावं. ज्याला मानवत नाही त्याला सातपर्यंत झोपू द्या. आमच्या सासूबाईंना हे शेवटपर्यंत पटलं नाही, ‘ब्राह्ममुहूर्ताला केलेलं विसरत नाही’ असं त्या म्हणत राहिल्या. मी भांडले नाही. त्यांना सकाळी साडेसहाला त्याचं दूध गरम करायचं काम दिलं.

ऑक्टोबर ते जानेवारी: पालकांचा खरा पेपर

या काळात एक दिवसही गाफील राहू नका.

परीक्षेचा अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाळेमार्फत ऑनलाइन भरला जातो. त्यातली माहिती शाळेच्या नोंदींवरून येते आणि त्यानंतर तपासायला यादी येते, जिला शाळेत प्रीलिस्ट म्हणतात. त्या यादीवर पालकांनी स्वतः जाऊन नजर टाकावी. आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारीख, विषय. थोरलीच्या यादीत माझ्या नावातलं एक ‘ए’ गायब होतं. क्षुल्लक वाटतं, पण दहावीचं प्रमाणपत्र पुढे पासपोर्टपासून नोकरीपर्यंत जन्मतारखेचा आणि नावाचा पुरावा म्हणून चालतं. निकालानंतर दुरुस्ती करायची तर शाळा, मंडळ, प्रतिज्ञापत्र अशा फेऱ्या. यादीवर दुरुस्ती म्हणजे लाल पेनाची एक खूण. विषयही बघा: संयुक्त हिंदी-संस्कृत घेतलेल्या मुलाच्या नावापुढे पूर्ण हिंदी पडल्याचं मी पाहिलं आहे.

चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली असेल तर वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. खेळाडूंना आणि शास्त्रीय किंवा लोककलेतल्या मुलांनाही वाढीव गुणांची तरतूद आहे. यासाठी शाळेने मुदतीत मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो, आपोआप काही होत नाही. मूळ प्रमाणपत्र कुठे ठेवलं आहे ते आजच बघून घ्या.

मुलाला वाचण्या-लिहिण्यात किंवा आकडेमोडीत कायमची अडचण असेल, अक्षरं उलटसुलट होत असतील, तोंडी सगळं येतं पण कागदावर उतरत नाही असं असेल, तर त्याला ‘आळशी’ म्हणण्याआधी तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र अधिकृत शासकीय किंवा महापालिका रुग्णालयातून मिळालं तर जादा वेळ, लेखनिक, गणितात गणकयंत्र अशा सवलती मंडळ देतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. तपासण्या एका भेटीत होत नाहीत, रांग असते. म्हणून ही धावपळ जूनमध्येच सुरू करावी, खरं तर आठवी-नववीतच. जानेवारीत जाग आलेल्या एका पालकांबरोबर मी रुग्णालयाच्या बाकावर बसले आहे, त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

सहामाहीची उत्तरपत्रिका

गुण बघून आरडाओरडा करायचा असेल तर तो आधी मनातल्या मनात उरकून घ्या. मग मुलाबरोबर बसून गेलेला प्रत्येक गुण तीन ढिगांत टाका: येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. थोरलीचे भूमितीत २३ गुण गेले होते. त्यातले १० न येण्यामुळे, ६ हातचुकीने, ७ वेळेमुळे. ‘जास्त अभ्यास कर’ हा सल्ला त्यातल्या फक्त दहांना लागू पडतो. हातचुकीवर उपाय म्हणजे एकक आणि चिन्ह तपासायची सवय. वेळेवर उपाय म्हणजे घड्याळ लावून सोडवलेले पेपर.

दोन तासांच्या ४० गुणांच्या पेपरला एका गुणाला तीन मिनिटं पडतात. हे एक गणित मुलाच्या डोक्यात बसलं तर तो दोन गुणांच्या प्रश्नावर पाऊण पान लिहीत बसत नाही.

पूर्वपरीक्षा ते शेवटचा पेपर

जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा होते. तिच्याआधी आणि नंतर घरी किमान एकेक पेपर खऱ्यासारखा सोडवा: सकाळी ११ ला, टेबलावर, पाण्याची बाटली, फोन दुसऱ्या खोलीत, कुणी दार वाजवलं तरी उठायचं नाही. पुरवणी जोडायची सवयसुद्धा घरी करा. शाईचं पेन वापरणाऱ्याने ते नवं काढू नये. हॉलतिकीट शाळेतून मिळतं, त्यावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का आणि फोटो आहे ना ते बघा, दोन झेरॉक्स काढा.

थोरलीच्या वेळी प्रश्नपत्रिका वाचायला दहा मिनिटं आधी मिळायची. ते २०२३ पासून बंद झालं. आता शेवटी दहा मिनिटं जास्त मिळतात. त्यामुळे पहिली पाच मिनिटं पूर्ण पेपर वाचण्यात घालवायला मुलं घाबरतात. घालवू द्या, ती शेवटी परत मिळणारच आहेत.

केंद्र आधी एकदा जाऊन पाहून या, पेपरच्या वेळीच, म्हणजे वाहतूक कळते. पेपर सुटल्यावर गेटवर उभं राहून ‘चौथ्याचं उत्तर काय लिहिलंस?’ विचारणाऱ्या पालकांपासून मुलाला घेऊन लांब जा. आम्ही उसाच्या रसाच्या गाड्यावर जायचो. रस संपेपर्यंत पेपरचा विषय नाही, संपल्यावर उद्याचा.

जे जुलैमध्येच सांगून ठेवायचं

एखादा विषय राहिला तर काय होतं हे मुलाला वर्षाच्या सुरुवातीलाच सांगा. निकालानंतर लगेच, जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीत प्रवेश मिळतो. गुण कमी वाटले तर श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसता येतं. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवून पुनर्मूल्यांकनाला अर्ज करता येतो. आयटीआय, पदविका हे रस्ते आहेत. हे सांगितल्याने मूल ढिलं पडेल असं मला वाटायचं, म्हणून थोरलीला सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत एका रात्री तिने विचारलं, “आई, मी नापास झाले तर तुम्ही लोकांना काय सांगणार?” त्या रात्री मी झोपले नाही. धाकट्याला जुलैतच सांगून टाकलं. तो “बरं” म्हणाला आणि सायकल घेऊन गेला.

जेवण तुटलं, रात्ररात्र झोप नाही, मित्रांशी बोलणं बंद, सारखं रडू किंवा सारखी चिडचिड, ‘माझा काही उपयोग नाही’, ‘मी नसले तर बरं’ असली वाक्यं कानावर आली तर ‘परीक्षेचं टेन्शन, होतं असं’ म्हणून सोडू नका. पुस्तक मिटा, जवळ बसा, सरळ विचारा. शासनाची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. पालकांनीही फोन केला तरी चालतो.

नातेवाइकांचा बंदोबस्त तुम्हीच करायचा. आमच्या एका आत्याबाईंचा दर रविवारी फोन यायचा, “नव्वदच्या वर येतील ना रे?” त्या फोनला मी उत्तर द्यायला लागले, “तुमचे गुडघे कसे आहेत?” गुडघ्यांवर त्या अर्धा तास बोलायच्या.

पेपर संपल्यावर

निकालाआधीच अकरावीच्या प्रवेशाची कागदपत्रं काढून ठेवा. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो. सांगलीत आम्हाला ते नवंच होतं, निकाल १३ मे ला लागला तेव्हा सायबर कॅफेत अर्धं गाव होतं. माळ्यावरची फाइल तेव्हा कामाला आली.

पुस्तकं रद्दीत घालू नका. दहावीची पुस्तकं २०१८ साली बदलली होती, त्यामुळे पुरातून वाचलेली थोरलीची बरीचशी धाकट्याला चालली. तिचं भूगोलाचं पुस्तक वरच्या फळीवर होतं म्हणून वाचलं होतं. मार्च २०२० मध्ये तिने ब्राझीलच्या नकाशावर पेन्सिलने नद्या, बंदरं, कॉफीचे मळे सगळं भरून ठेवलं होतं. तो पेपर शेवटचा होता, करोनामुळे तो झालाच नाही, मंडळाने बाकीच्या विषयांवरून सरासरी गुण दिले. पाच वर्षांनी १७ मार्चला, पुन्हा भूगोलच शेवटचा, धाकटा केंद्रावर जाण्याआधी तेच पुस्तक चाळत होता. तिला पुण्याला फोन लावून म्हणाला, “ताई, तुझा साओ पावलो चुकीच्या जागी आहे गं.”